पुण्यात पदवीचे पहिले वर्ष: बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर बीड, लातूर, परभणी, नांदेड, धुळे, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी पुण्यात येणाऱ्या मुलामुलींना मी काही वर्षांपासून शिकवतो. मी स्वतःही असाच एका तालुक्याच्या गावाहून इथे आलो होतो. जे प्रश्न जुलैमध्ये विचारले असते तर पाच मिनिटांत सुटले असते, ते माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये येतात आणि तोवर एखादी मुदत गेलेली असते, एखादे डिपॉझिट बुडालेले असते. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

प्रवेश झाला, पण वर्गात पहिले काही दिवस कोणीच नसते. तास नक्की कधी सुरू होतात?

वेळापत्रक लागले, की तास सुरू झाले असे समजावे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे पहिल्या आठवड्यात साठ जणांच्या वर्गात बारा-पंधराच विद्यार्थी दिसतात आणि बाकीचे गावीच थांबलेले असतात. तुम्ही मात्र थांबू नका. अभ्यासक्रमाची प्रत कुठे मिळते, अंतर्गत गुण कसे दिले जातात, वर्गाचे मार्गदर्शक शिक्षक कोण, अशा पुढे कोणीही पुन्हा न सांगणाऱ्या बहुतेक गोष्टी याच दिवसांत सांगितल्या जातात. शिवाय बारा जणांच्या वर्गात शिक्षकांना तुमचे नाव आणि गाव लक्षात राहते, आणि पुढे वर्षभर एखादी अडचण घेऊन त्यांच्याकडे जाताना त्या ओळखीचा आधार वाटतो.

मेजर, मायनर, क्रेडिट हे सगळे काय आहे? माझी ताई याच महाविद्यालयातून शिकली, पण तिलाही हे माहीत नाही.

तुमच्या ताईच्या वेळी रचना वेगळी होती. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. ज्या विषयात तुम्हाला पदवी मिळणार तो मेजर आणि त्याच्या जोडीला घेतलेला दुय्यम विषय तो मायनर. त्याशिवाय दुसऱ्या शाखेतील एखादा खुला विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे लहान लहान विषय असतात.

क्रेडिट म्हणजे त्या विषयाला दिलेल्या तासांचे माप होय. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयात एका सत्रातील साधारण १५ तासांना एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकात ३० तासांना एक क्रेडिट असे गणित असते. एका सत्रात २० ते २२ म्हणजे वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट मिळवायची असतात. दोन क्रेडिटचे लहान विषय सोपे समजून विद्यार्थी त्यांच्या तासांना बसत नाहीत आणि मग मेजरला चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी नेमका त्याच विषयात अडकतो. असे दरवर्षी घडते. गुणपत्रिकेवर दोन क्रेडिटचे नापासही नापासच असते.

ही क्रेडिट जमा होण्यासाठी ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चा बारा अंकी क्रमांक काढावा लागतो. विद्यार्थी त्याला ‘एबीसी आयडी’ म्हणतात आणि तो डिजिलॉकरवरून विनाशुल्क मिळतो. सायबर कॅफेत त्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी वर्गातल्या एखाद्या मित्राला शेजारी बसवून मोबाईलवर प्रयत्न करून पाहावा. आधार कार्डावरील नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत फरक असेल, तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे प्रत्येक अर्जात हाच फरक आडवा येतो.

७५ टक्के उपस्थितीचा नियम खरोखर पाळला जातो का?

होय. कमी उपस्थितीची यादी सहसा सत्राच्या शेवटी लागते आणि तेव्हा हातात काहीच उरलेले नसते. आजारपणामुळे तास बुडणार असतील, तर परत आल्यानंतर नव्हे, आजारी असतानाच मार्गदर्शक शिक्षकांना कळवावे आणि डॉक्टरांचा दाखला जपून ठेवावा. क्रीडा स्पर्धा, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) किंवा एनसीसीच्या कामासाठी गेल्यास त्या विभागाचे पत्र घेऊन उपस्थितीची नोंद करून घेता येते. शेतीच्या कामासाठी, सोयाबीन काढणीसाठी आठवडाभर गावी जावे लागणाऱ्या मुलांनीही संकोच न करता शिक्षकांना तसे सांगावे. नियमात त्याला सूट नसली, तरी बुडालेले प्रात्यक्षिक दुसऱ्या बॅचबरोबर करून घेण्याची सोय बहुतेक शिक्षक करून देतात. मात्र ते आधी माहीत असले पाहिजे.

माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे. वर्गात इंग्रजीतून शिकवलेले समजत नाही. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त विद्यार्थ्यांच्या मनात असतो आणि सर्वांत कमी विद्यार्थी तो तोंडाने विचारतात. विचारायचा धीर होत नाही म्हणून मुले मागच्या बाकावर बसू लागतात, मागच्या बाकावर ऐकू येत नाही म्हणून तास बुडवू लागतात, आणि वर्षाच्या शेवटी आपल्याला विषयच झेपत नाही असे ठरवून मोकळी होतात. विषय त्यांना झेपत असतो, अडलेले असते ते शब्दांपाशी. अर्थशास्त्राच्या तासाला ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ ऐकून गोंधळलेल्या मुलाला ‘मागणीची लवचिकता’ म्हटले, की टोमॅटो महागला तर लोक किती कमी घेतील आणि मीठ महागले तर किती, हे तो वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगले समजावून सांगतो, कारण आठवडी बाजारात तो वडिलांबरोबर बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने केलेला उपाय मला फार आवडला. तिने दोनशे पानी वहीचे प्रत्येक पान मध्ये उभे दुमडले होते. डाव्या बाजूला तासाला ऐकलेला इंग्रजी शब्द ती कानाला लागेल तसा देवनागरीत लिहून घ्यायची, स्पेलिंगसाठी अडून राहायची नाही. संध्याकाळी ग्रंथालयात बसून उजव्या बाजूला त्याचे खरे स्पेलिंग आणि मराठी अर्थ लिहायची. पहिल्या आठवड्यात तिची रोज दोन पाने भरत होती, दिवाळीपर्यंत अर्ध्या पानाच्या पुढे ती जाईना, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा येत होते. एका विषयाचे पायाभूत शब्द फार तर काही शे असतात, हे तिला त्या वहीनेच दाखवून दिले.

मराठी प्रतिशब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले परिभाषा कोश आहेत. अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य अशा विषयवार कोशांतील शब्द संकेतस्थळावर विनाशुल्क शोधता येतात. ‘मोमेंटम’ म्हणजे संवेग आणि ‘ॲक्सिलरेशन’ म्हणजे त्वरण हे एकदा पाहिले, की शाळेत शिकलेला आपला जुना धडा डोळ्यांसमोर येतो. संकल्पना समजून घेण्यासाठी मराठी विश्वकोशातील नोंदीही उपयोगी पडतात. कला आणि वाणिज्य शाखेच्या अनेक विषयांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा असते. तुमच्या विषयाला ती आहे का, हे पहिल्याच महिन्यात विभागात विचारून घ्यावे आणि एकदा माध्यम ठरवल्यावर परीक्षेच्या तोंडावर ते बदलू नये.

शिक्षकांना ‘सर, हे एकदा मराठीतून सांगाल का?’ असे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. तुमच्यामागे बसलेल्या आणखी दहा जणांना तेच विचारायचे असते, हे मी समोरून पाहिलेले आहे.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही. राहण्याची सोय कुठे करावी?

आधी शासकीय वसतिगृहांची चौकशी करावी. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास घटकांतील विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांची वसतिगृहे आहेत आणि त्यांचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी रक्कम मिळते. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. स्वयंसेवी संस्थांपैकी १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्याची सोय देते. तिथे मुलाखत होते, त्यामुळे अर्जाची मुदत चुकवू नये.

यांपैकी काहीच जमले नाही, तर ‘कॉट बेसिस’ हा पर्याय उरतो. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांमध्ये एका खोलीत तीन किंवा चार खाटा टाकून प्रत्येक खाटेचे वेगळे भाडे घेतले जाते. खोली पाहायला सकाळी सातच्या सुमारास जावे. त्या वेळी नळाला पाणी किती येते, संडास-न्हाणीपुढे रांग किती लागते आणि भिंतींना ओल आहे का, हे न विचारताही दिसते. डिपॉझिट देताना साध्या कागदावर का होईना, पण रक्कम, तारीख, सोडताना किती दिवस आधी सांगायचे आणि वीजबिलाचा वाटा कसा धरायचा, हे लिहून घरमालकांची सही घ्यावी. शेवटी वाद होतो तो बहुतेक वेळा तोंडी ठरलेल्या गोष्टींवरूनच.

मेस कशी निवडावी?

महिन्याचे पैसे एकदम भरण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी एकेक ताट जेवून पाहावे, आणि तेही मंगळवारी किंवा बुधवारी. रविवारच्या फीस्टचे जेवण सगळीकडेच चांगले असते. त्यावरून मेस ठरवू नये. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे खाड्याचा नियम. तुम्ही गावी गेलात, तर किती दिवसांच्या सलग गैरहजेरीला खाडा धरतात, तो किती आधी सांगावा लागतो आणि त्याचे जेवण पुढच्या महिन्यात मिळते की पैसे वजा होतात, हे प्रत्येक मेसमध्ये वेगळे असते. मेसच्या कार्डावर रोज दुपार आणि रात्र अशा दोन चौकटींत खूण होते. ती आपल्यासमोर होते आहे ना, हे पाहण्याची सवय लावावी.

सकाळी साडेसातचा तास असणारी मुले नाश्ता न करता येतात आणि थेट एक वाजता जेवतात. अकराच्या प्रात्यक्षिकाला चक्कर येऊन खाली बसलेली मुले मी पाहिली आहेत. खोलीवर शेंगदाणे, गूळ, फुटाणे, आईने दिलेला चिवडा असे काहीतरी ठेवावे आणि निघण्यापूर्वी चार घास खाऊनच निघावे.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, पण पैसे जमा होत नाहीत. काय चुकले असेल?

बहुतेक शासकीय शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. मागासवर्गीयांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता असे अनेक अर्ज तिथेच आहेत. अर्ज तुम्ही भरला, की तो महाविद्यालयाच्या लॉगिनवर जातो, तिथून तपासून संबंधित विभागाकडे जातो. एखादा दाखला अस्पष्ट असेल, तर तो परत पाठवला जातो आणि त्याची खबर फक्त तुमच्या लॉगिनमध्ये दिसते, घरी पत्र येत नाही. त्यामुळे दर आठवड्याला लॉगिन उघडून पाहणे आवश्यक आहे.

पैसे न येण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे बँक खाते. शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकाशी अखेरीस जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत असताना गावच्या बँकेत उघडलेले आणि विसरलेले एखादे खाते अजून आधारशी जोडलेले असेल, तर रक्कम तिकडे जाते किंवा खाते बंद असल्यामुळे अडकते. बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढेच न विचारता ‘डीबीटीसाठी (म्हणजे शासकीय रक्कम थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधार सीडिंग याच खात्याला आहे का’ असे विचारावे, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. माझ्याकडे उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा होता आणि तो चालेल का, हे विचारायची मला लाज वाटली. मी अर्ज तसाच दिला, तो बाद झाला आणि त्या वर्षीचे शुल्क वडिलांनी अडत्याकडून उचल घेऊन भरले. ती उचल फिटायला दोन हंगाम गेले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यातच खिडकीपर्यंत घेऊन जातो आणि कोणत्या खिडकीवर काय विचारायचे, ते दाखवतो.

शिकता शिकता काम करता येईल का?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना अनेक महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयातील नोंदी, प्रयोगशाळेतील मदत, बागकाम अशी कामे रोज काही तास करून तासाप्रमाणे मानधन मिळते. पहिल्या वर्षाला माझी पसंती या योजनेलाच राहील, कारण काम महाविद्यालयाच्या आवारातच असते आणि परीक्षेच्या काळात सांभाळून घेतले जाते. रात्री उशिरापर्यंत दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचवणारे विद्यार्थी माझ्या वर्गात आहेत आणि त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु सकाळच्या तासाला त्यांचे डोळे मिटत असतात. ज्यांना पर्याय आहे, त्यांनी निदान पहिले सत्र तरी असे काम घेऊ नये.

पहिल्या सत्रात एका विषयात नापास झालो. वर्ष वाया गेले का?

नाही. पहिल्या सत्रात विषय राहिला तरी दुसऱ्या सत्राला बसता येते आणि राहिलेला विषय पुन्हा देता येतो. यालाच एटीकेटी म्हणतात. दुसऱ्या वर्षात जाण्यासाठी किमान किती क्रेडिट मिळालेली असावी लागतात, ते मात्र अभ्यासक्रमाच्या नियमावलीत पाहून घ्यावे. आपल्याला जास्त गुण मिळायला हवे होते असे वाटत असेल, तर ठरलेल्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि नंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. छायाप्रत मिळाली, की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवावी आणि मगच पुढचे शुल्क भरावे. राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज वेगळा भरावा लागतो. तो भरायचा राहून गेल्यामुळे पुन्हा सहा महिने थांबावे लागलेली मुले दर वर्षी भेटतात.

निकाल घरी सांगावा. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेले आई-वडिलांना सोसते.

रॅगिंग झाले तर?

महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार रॅगिंग हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वसतिगृहात ‘ओळख परेड’ म्हणून जे चालते, त्यात तुमचा अपमान होत असेल, तर ते रॅगिंगच आहे. रेक्टर, महाविद्यालयाची रॅगिंगविरोधी समिती किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी.

सगळे आपापल्या गटात असतात. मला फार एकटे वाटते.

जुलै-ऑगस्टमधला पाऊस, नवी खोली आणि रविवारची रिकामी दुपार हा काळ बहुतेकांना जड जातो. वरून हसतखेळत दिसणारी मुलेही संध्याकाळी जिन्यात बसून घरी फोन लावत असतात. मैत्री बहुधा एकत्र काम करताना होते. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. गावात बंधारा घालताना पाट्या एकमेकांच्या हातात देणारी मुले तिथून परतताना घट्ट मित्र झालेली असतात. नाटकाची आवड असेल, तर पुरुषोत्तम करंडकासाठी महाविद्यालयाचा संघ पावसाळ्यातच तालमी सुरू करतो. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा घेते आणि भरत नाट्य मंदिरात आपल्या संघाचा पडदा वर जातो, तेव्हा मागे दोऱ्या ओढणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलाचाही ऊर भरून येतो. अभिनय येत नाही म्हणून जायचे टाळू नये, प्रकाश, नेपथ्य आणि चहा आणणे यासाठीही माणसे लागतात.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर केव्हाही विनाशुल्क बोलता येते, मराठीतूनही.

एमपीएससीची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी का?

पेठांमध्ये राहिल्यावर आजूबाजूला सगळेच अभ्यासिकेत जाताना दिसतात आणि आपण मागे पडतो आहोत असे वाटू लागते. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे सलग आणि मुद्देसूद लिहिता येणे हीच तिची तयारी आहे, आणि ते तुमच्या पदवीच्या अभ्यासातच शिकवले जाते. रोज एक वृत्तपत्र नीट वाचावे, आपला मेजर विषय पक्का करावा. क्लासचे मोठे शुल्क पहिल्या वर्षी भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळीला गावी जाताना आणि येताना काय लक्षात ठेवावे?

गाडीचे आरक्षण आधी करावे. एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे मुलींनी खासगी गाडीचे चढे दर देण्याआधी एसटी पाहावी. गावी गेल्यावर पहिले दोन दिवस झाले, की तहसीलच्या कामाला लागावे. उत्पन्नाचा नवा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, आणि जात पडताळणी झालेली नसेल तर तिच्या प्रकरणाची स्थिती, एवढी चौकशी याच सुट्टीत होऊ शकते. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद असते, म्हणून भाऊबीज झाल्यावर उघडणारा पहिला दिवस साधावा. मूळ कागद आईच्या ट्रंकेतच ठेवून त्यांच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्पष्ट स्कॅन घेऊन यावे. आणि ज्या खात्यात शिष्यवृत्ती यायची आहे, त्या गावच्या बँकेच्या पासबुकात नोंदी भरून घ्याव्यात.